आता वळा

माझ्या कॅन्टीनमध्ये फ्रिजच्या वर एक स्पीकर टांगलेला आहे. तेलाधुराचा त्याच्यावर असा थर बसलाय की मूळ रंग कोणता होता हे मलाही सांगता येणार नाही. बंदराच्या वायरलेसवर जे काही बोललं जातं ते त्यातून ऐकू येतं. वरच्याच मजल्यावर वायरलेसची खोली आहे आणि त्या खोलीत माझी मोठी बहीण बसायची. बसायची म्हणते, कारण आता बसत नाही. त्याचा मला राग आहे. तो कोणावर काढावा हे अजून ठरत नाही, म्हणून सगळ्यांवर थोडा थोडा काढते. बंदरावर मला मिरची म्हणतात ते काही उगीच नाही.

ताई माझ्या अगदी उलट. मला एक विचारलं तर मी दहा सांगते, तिला दहा विचारले तर ती एकाचं उत्तर देते, आणि तेही तोलून मापून. भाजीत मीठ कमी आहे का, असं विचारलं की ती आधी आणखी एक घास खाऊन बघणार. तिच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हा त्या माणसाने लाजत विचारलं, "मी आवडलो का तुम्हाला?" ताई म्हणाली, "अजून कळलं नाही." तो जिना उतरला तो परत चढला नाही. आईने डोक्याला हात लावला. ताईला मात्र आपण काय चुकीचं बोललो ते शेवटपर्यंत समजलं नाही.

हा स्वभाव घरात अडचणीचा, पण वायरलेसच्या खुर्चीत सोन्याचा. आमच्या बंदराचा एक जुना रिवाज होता: समुद्रात ज्याला जे दिसेल ते त्याने सांगायचं. मासळीची झुंड, तरंगणारा ओंडका, सांडलेलं तेल, तुटलेलं जाळं. ताईने ते ऐकायचं आणि जागेसकट सगळ्या बोटींसाठी पुन्हा बोलायचं. बातमी सगळ्यांना एकदमच मिळायची, त्यामुळे कोणी कोणापासून मासळी लपवत नव्हतं आणि धक्क्यावर डोकी फुटत नव्हती. ताई त्यात पदरचा शब्द घालायची नाही आणि आलेला शब्द गाळायचीही नाही.

तिचं दुसरं काम धुक्यातलं. बंदराच्या तोंडाशी दोन खडक आहेत आणि बोटींना त्यांच्यामधून वळून आत यावं लागतं. धुकं पडलं की खडक दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. छोट्या बोटींवर स्क्रीन नसतो. ताईच्या खोलीत आहे, त्यावर बोटी हिरव्या ठिपक्यांसारख्या सरकताना दिसतात. ठिपका नेमक्या जागी आला की ताई बटण दाबून म्हणायची, "आता वळा." आणि बोटवाला वळायचा. डोळ्यांपुढे काही नाही, कानात लाटा फुटतायत, अशा वेळी एका बाईच्या दोन शब्दांवर माणसं अख्खी बोट फिरवायची.

या दोन शब्दांची किंमत आमच्या घराला ठाऊक होती. मी लहान होते तेव्हा त्या खुर्चीत दुसराच एक माणूस बसायचा. एका धुक्याच्या दिवशी त्याचा स्क्रीन बंद पडला. तसं सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने अंदाजाने "वळा" म्हणून टाकलं. ती बोट आमच्या बाबांची होती. बाबा गेले. त्यांच्या बोटीवरचा एक तरुण खलाशी पोहत किनाऱ्याला लागला. तोच आता म्हातारा झालाय आणि स्वतःची बोट चालवतो. त्याचा आवाज इतका मोठा की त्याला वायरलेसची गरज नाही असं सगळे म्हणतात. आम्ही त्याला समोर काका म्हणतो, मागे भोंगा.

तर एका सकाळी स्पीकरमधून भोंगा बोलला.

"पोरी, ऐक. तरंगत्या खुणेच्या लाल बोयाच्या आत, खाडीच्या बाजूला. काळी जनावरं आहेत. डॉल्फिन नव्हेत, डॉल्फिन मी रोज बघतो. डोळ्यामागे पांढरा डाग. एकाच्या पाठीवरचा पर माझ्याएवढा उंच आहे. टीव्हीवर दाखवतात ना, किलर व्हेल, तेच. बरोबर पिल्लू आहे."

कॅन्टीनमध्ये हशा पिकला. "भोंग्याने आज चहाऐवजी दुसरंच काहीतरी घेतलंय," जाळी विणणारा म्हणाला. किलर व्हेल म्हणजे बर्फाच्या देशातली जनावरं. आमच्या कोमट, गढूळ पाण्यात त्यांचं काय काम? पण ताईने तिच्या नेहमीच्या सपाट आवाजात सगळं पुन्हा सांगितलं. लाल बोयाच्या आत, खाडीच्या बाजूला, किलर व्हेल, बरोबर पिल्लू. ताई बोलली म्हटल्यावर हसणारे उठून धक्क्याकडे पळाले. मीही पळाले. मागे गॅसवर दूध उतू गेलं.

खरंच होते ते. धक्क्याच्या टोकावरून दिसत होते. काळेभोर, ओले, चकचकीत. मोठा नर बाहेरच्या अंगाला आणि एक मादी पिल्लाला घेऊन आत. पदराला धरून चालणाऱ्या पोरासारखं ते पिल्लू आईला चिकटून होतं. ती पाण्याचा फवारा सोडायची, मग ते छोटासा सोडायचं. आम्ही सगळी मोठी माणसं तोंड उघडं टाकून उभी होतो. जाळी विणणाऱ्याने टोपी काढून हातात धरली होती. तेवढा एक दिवस चांगला गेला.

दुसऱ्या दिवसापासून तमाशा सुरू झाला. टेकडीवर एक हॉटेल आहे, त्याच्या मालकाकडे मोटरबोटींचा ताफा. या माणसाने जन्मात कधी वायरलेसवर "इथे ओंडका आहे, सांभाळा" असं सांगितलेलं नाही, पण ऐकायला मात्र प्रत्येक बोटीवर सेट बसवून घेतलेला. आयत्या बिळावर नागोबा. ताईने जागा सांगितली की याच्या बोटी सुटायच्या. त्यांच्यामागे पाण्यातल्या स्कूटर, त्यांच्यामागे भाड्याच्या होड्या, डोक्यावर गुणगुणणारे ड्रोन. एका बोटीवर तर गाणी लावली होती. समुद्रातलं सगळ्यात जबरदस्त जनावर दाखवायला माणसं आणलीयत आणि गाणी काय लावलीत, तर लग्नाच्या हॉलमध्ये वाजवतात ती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इथूनच ओरडले, पण कॅन्टीनमधून ओरडलेलं खाडीत कोण ऐकणार?

ताई बंदराच्या साहेबांकडे गेली. मी चहा घेऊन मागोमाग गेले. चहा कोणी मागितला नव्हता.

"बोटी मागे घ्यायला सांगा," ताई म्हणाली. "ती मादी आत अडकलीय. बोटींची भिंत झालीय मध्ये."

साहेबांनी चहात बिस्कीट बुडवलं. "तसा नियम कुठे आहे? कोणी कुठली बोट कुठे न्यावी हे मी कसं ठरवणार? आणि लोक खूश आहेत हो. कितीतरी दिवसांनी बंदरावर एवढी माणसं दिसतायत. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुमचं काम काय, जे कळतं ते सांगायचं. तेवढं करा."

बिस्कीट तुटून कपात पडलं. मला फार बरं वाटलं.

दुपारी भोंगा कॅन्टीनमध्ये आला तो बसलाच नाही. ताई जेवायला खाली आली होती. तो तिच्या टेबलाशी उभा राहून बोलू लागला आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटका वाटला.

"पिल्लाच्या पाठीला पंखा लागलाय कुणाच्या तरी बोटीचा. मी बघून आलो. पाणी लाल होतं. आई त्याला खालून उचलून धरते, श्वास घ्यायला. ते वर आलं की ही माणसं कॅमेरे घेऊन पुढे सरकतात, की ती परत खाली. बाप बाहेर फेऱ्या मारतोय, त्याला आत येता येत नाही. आता ओहोटी लागेल. पाणी उतरलं की ती चिखलात बसणार, पिल्लासकट." त्याने टेबलावर हात टेकले. "पोरी, तू गप्प बस की जरा. तू बोलतेस म्हणून हे येतात."

"आता ते तिथेच आहेत, काका," ताई म्हणाली. "मी गप्प बसले तर कोणी हलणार आहे का?"

भोंग्याने टेबलावरचे हात काढले. तो परत बोटीकडे गेला. ताईने ताट तसंच ठेवलं, हात धुतले आणि वर गेली. मी त्या साहेबाच्या नावाने, हॉटेलवाल्याच्या नावाने आणि कॅमेरे शोधून काढणाऱ्याच्या नावाने भांडी घासत होते. म्हणजे आपटत होते.

तेवढ्यात स्पीकर बोलला.

"सगळ्या बोटींसाठी. दीपगृहाच्या मागे, उघड्या समुद्रात, किलर व्हेलची मोठी झुंड. उड्या मारतायत. पुन्हा सांगते. दीपगृहाच्या मागे, मोठी झुंड."

आवाज तोच, सपाट. पण माझ्या हातातला तवा हातातच राहिला. मी दिवसभर त्या स्पीकरखाली उभी असते. मला नेहमी दोन आवाज ऐकू येतात. आधी बघणाऱ्याचा, मग ताईचा. या वेळी आधीचा आवाज आलाच नव्हता. दीपगृहामागून कोणी काही कळवलं नव्हतं. खाडीत किंचाळणाऱ्या इंजिनांना ते कुठून समजणार? ताई म्हणाली ना, मग झालं.

सगळ्या बोटी एकदम वळल्या. शाळा सुटल्यासारख्या एकमेकींना धक्के देत बाहेर पळाल्या. स्कूटर गेल्या, ड्रोन गेले, गाणी गेली. खाडीत एकटा भोंगा उरला. त्याने इंजिन बंद केलं होतं. तो त्या मादीकडे डोळ्यांनी बघत होता, त्यामुळे ताई असं का बोलली हे बंदरावर त्याच्याइतकं कोणाला कळलं नसेल. त्याचा सेट गप्प होता. ज्याला सकाळचा नमस्कारही हळू घालता येत नाही, तो माणूस तोंडाला कुलूप लावून बसला होता.

मादी निघाली. सावकाश, पिल्लाला पाठीवर घेतल्यासारखी. लाल बोया ओलांडला, दोन खडकांमधून वळली आणि बाहेर तो उंच पर तिच्या शेजारी आला. मी खिडकीत उभी राहून रडले. मला रडताना बंदरावर कोणी बघितलं नाही आणि बघितलं असतं तरी सांगायची हिंमत केली नसती.

संध्याकाळी बोटी रिकाम्या परतल्या. हॉटेलवाला जिना हादरवत वर गेला. मीही तवा घेऊनच गेले. "तिथे काहीच नव्हतं," तो ओरडला. "कोणी कळवलं तुम्हाला?"

"कोणी नाही," ताई म्हणाली. "मी खोटं बोलले."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकायची मी तयारी केली होती, पण तो आला तसा जिना उतरून गेला. असं उत्तर त्याला आयुष्यात कोणी दिलं नसणार. साहेबांनी दुसऱ्या दिवशी ताईला खुलासा मागितला. तिने तो तीन शब्दांत दिला, तेच तीन. पण तोवर टेकडीवरून कोणीतरी काढलेलं मादी आणि पिल्लाच्या बाहेर जाण्याचं चित्रण गावभर फिरलं, आणि वारं फिरलं. ज्यांनी त्या पिल्लावर बोटी घातल्या तेच आता "काय बाई आहे, वाघीण आहे" म्हणायला लागले. साहेब पुष्पगुच्छ घेऊन वर आले, वरातीमागून घोडं. हॉटेलवाल्याने तर दारात किलर व्हेलचं मोठं चित्र रंगवलं. फोटोत तो ताईच्या शेजारी उभा आहे, जसं काही दोघांनी मिळून ठरवलं होतं.

मी म्हटलं, "जाऊ दे. निदान खुर्ची तरी वाचली."

ताईने पुष्पगुच्छ माझ्या पोछ्याच्या बादलीत ठेवला. "धुकं पडू दे," म्हणाली.

पडलं. थंडीच्या सुरुवातीला पडतं तसं, सकाळी, दुधासारखं. धक्क्यावरून समोरची बोट दिसेना. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा स्क्रीनवर एकच ठिपका खडकांकडे येत होता. भोंगा. ताईचा अंगठा बटणावर होता. तिथे तिला घट्टा पडलाय, इतकी वर्षं तेच बटण.

"आता वळा," ती म्हणाली.

ठिपका सरळच आला.

"वळा, काका."

मग तो वळला. पण त्या दोन वाक्यांच्या मध्ये जे अंतर गेलं ते गेलं. वायरलेसमधून लाकूड खरवडल्याचा आवाज आला, मग कोणीतरी ओरडलं, मग पंप सुरू झाला. बोट आत आली. एक अंग सोलून निघालं होतं, फळी फुटली होती, माणसं सगळी धड होती. मी चहाचा ट्रे खाली ठेवला तेव्हा कळलं की अर्धा चहा माझ्याच पायावर सांडलाय.

भोंगा ओल्या कपड्यांनी वर आला. दारातच थांबला.

"हात थांबला, पोरी," तो म्हणाला. "मनात काही नव्हतं गं. तू कशासाठी खोटं बोललीस ते मी स्वतः बघितलं. चांगलं केलंस म्हणून गावभर सांगत फिरलो मी. पण तू वळा म्हणालीस आणि हात थांबला. तुझ्या बापाची बोट आठवली."

"माहीत आहे."

"पुढच्या वेळी नाही थांबणार."

"थांबेल," ताई म्हणाली. "तुमचा थांबला तर बाकीच्यांचा थांबणारच. आणि खडकाला तेवढं पुरतं."

मी भांडले. साहेबांनी विनवलं. भोंगा तर तिथेच जिन्यावर बसून राहिला. सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्ही तुला माफ केलंय. अरे, माफ कोण कोणाला करतंय? पंखा तुमचा, गाणी तुमची, "तसा नियम कुठे आहे" हे तुमचं. तिच्यापाशी आयुष्यात एकच गोष्ट होती, तिचा शब्द. तो तुम्ही तिला खर्च करायला लावलात, आणि वर फुलं आणलीत. हे मी साहेबांना तोंडावर सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. ताईने कानावरचा हेडफोन काढला, पुसला, खुंटीला लावला आणि आत येणाऱ्या बोटींना दुसरा माणूस येईपर्यंत बाहेरच थांबायला सांगून खाली आली.

आता ती माझ्याकडे कांदे चिरते. एकसारखे, पातळ, कोणी मागितले नसताना. वर नवा माणूस बसतो. बरा आहे, खोटं कशाला बोलू. पण जुना रिवाज गेला. हॉटेलवाला ऐकतो म्हणून बोटवाले आता वायरलेसवर काही सांगत नाहीत. जो तो आपली मासळी लपवतो, आणि परवा धक्क्यावर दोघांनी एकमेकांना वल्ह्याने मारलं. हॉटेलवाला येतो, चहा मागतो. त्याच्या चहात मी साखर घालत नाही. त्याला वाटतं मला त्याच्या तब्येतीची काळजी आहे. त्याचं काहीही गेलेलं नाही, एक पैसा नाही, एक झोप नाही. हे आठवलं की माझी सुरी वाकडी पडते.

काल दुपारी कॅन्टीन रिकामं असताना भोंगा आला. ताईच्या टेबलाशी वाकून तिच्या कानात काहीतरी बोलला. भोंग्याचं हळू म्हणजे दुसऱ्या कोणाचं मोठ्याने. "मोठं झालंय गं" आणि "पाठीवर वण", एवढं मला गॅसपाशी स्वच्छ ऐकू आलं. ताईचा चाकू थांबला. ती हसली. किती दिवसांनी हसली ते मलाच माहीत.

भोंगा गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

माझ्या सख्ख्या बहिणीने, जिने मिठाबद्दलही कधी अंदाजाने सांगितलं नाही, माझ्या डोळ्यात बघून उत्तर दिलं.

"काही नाही."

आणि पुढचा कांदा घेतला. फ्रिजवरचा स्पीकर गप्प होता. मीही गप्प बसले आणि तिच्यासाठी चहा टाकला, साखर घालून.